टांगा मिळाला, हाकणारा नाही

खिडकीच्या अलीकडून : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देत आहेत खान्देशातल्या एका महाविद्यालयाच्या निवृत्त कार्यालय अधीक्षक)

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी नऊ वर्षं इतिहास शिकवते. गेल्या महिन्यात आमच्याकडे समतेवर एक दिवसाची कार्यशाळा झाली. बाहेरून आलेले वक्ते चांगले बोलले, शपथ झाली, फोटो झाले. दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "यांना सगळं फुकट मिळतं, तरी टिकत नाहीत." यावल-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या आमच्या पावरा आणि भिल्ल मुली खरोखरच पहिल्या वर्षानंतर दिसेनाशा होतात. मी स्वतः ज्या घरातून आले तिथे जातीचा त्रास कुणी भोगलेला नाही. मला माझ्याच संस्थेत काही बदलायचं आहे. मी काय शिकायला हवं? एखादं पुस्तक सांगाल का?

उत्तर : ताई, पुस्तकांची नावं तुम्हाला तुमच्या ग्रंथपालांकडूनही मिळतील. मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण मी जे शिकले ते तिच्यामुळे.

१९९६ साल. शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे होतं. अर्जांची मुदत जवळ आली की मी शिपायाला घेऊन वर्गावर्गांत जायचे आणि दारातूनच विचारायचे, "एस.सी., एस.टी.ची शिष्यवृत्ती कोण कोण घेणार? हात वर करा." नावं लिहून घ्यायची, पुढचा वर्ग. यात काही गैर आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्यासाठीच तर तीन मजले चढत होते. पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरपूर तालुक्यातली एक भिल्ल मुलगी होती. तिने हात वर केला नाही. माझ्या यादीत तिचं नाव आलं नाही, मुदत उलटली, पुढची फी भरायला घरात पैसे नव्हते आणि संक्रांतीनंतर ती यायची थांबली. मार्चमध्ये तिचे वडील दाखला न्यायला आले. सालदारी करणारा माणूस. खिडकीपासून चार हात लांब उभे राहिले. मी दाखला लिहायला घेतला तसे म्हणाले, "माय, पोरनं नाव बराबर लिखजो. पुढे कामले यी." अर्ज का भरला नाही म्हणून मी विचारलं, तर एवढंच कळलं की वर्गात सगळ्यांपुढे हात वर करायचा होता, तो तिला करता आला नाही.

त्या दाखल्यावर मी तिचं नाव अगदी बरोबर लिहिलं. त्याचा काय उपयोग झाला असेल, हे मला अजून ठाऊक नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी खेड्यातल्या शाळकरी मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. कुणाची जात कुणाला माहीत नव्हती तेव्हा दलित मुलं आणि उच्चवर्णीय मुलं सारखीच कोडी सोडवत होती. नावाबरोबर जात मोठ्याने वाचून दाखवली, तशी दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वर्षानुवर्षं दारात उभी राहून नेमकं तेच करत होते.

तुम्ही इतिहास शिकवता, म्हणून चाळीसगावची आठवण करून देते. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य म्हणून खान्देशात फिरत होते. चाळीसगाव स्टेशनवर वस्तीतली माणसं त्यांना न्यायला आली. महारवाडा दोनेक मैलांवर, वाटेत नदीवरचा पूल. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, पण महार बसलेला टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली : टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही बसवा. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता तो लगाम धरून बसला. पुलावर चाक दगडात अडकलं, टांगा उसळला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. त्यांचा पाय मोडला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मी इतकी वर्षं कचेरीत काढली, आणि मला आपल्या संस्था त्या तडजोडीसारख्याच दिसत आल्या आहेत. प्रवेश दिला, वसतिगृहाची खोली दिली, शिष्यवृत्तीचा अर्ज दिला. टांगा दिला. लगाम धरायला मात्र आपल्यातलं कुणी बसायला तयार नाही. मुलगी पडली की म्हणायचं, टिकत नाहीत.

आता लगाम कसा धरायचा ते.

कार्यशाळेने काही होत नाही हा तुमचा अनुभव एकट्याचा नाही. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या प्रश्नावर तिथल्या कंपन्या कितीतरी वर्षं प्रशिक्षणं घेत आल्या आहेत. कालेव, डॉबिन आणि केली या समाजशास्त्रज्ञांनी ७०८ खासगी आस्थापनांची तीस वर्षांची माहिती तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. नुसत्या प्रशिक्षणाने वरच्या पदांवर पोचणाऱ्या काळ्या माणसांची संख्या फारशी हलली नाही. सर्वांत जास्त फरक पडला तो जिथे हे काम एखाद्या समितीच्या किंवा माणसाच्या अंगावर नावानिशी टाकलं होतं आणि त्याला त्याचा जाब द्यावा लागत होता तिथे. आणि असा जबाबदार माणूस जिथे होता, तिथे प्रशिक्षणही जास्त उपयोगी पडलं. म्हणून कार्यशाळेवर रागावू नका. तिच्यानंतर टेबल कुणाचं, हे ठरलं नाही, तिथे घोडं अडलं.

पहिलं कौशल्य शिकायचं ते स्वतःच्या संस्थेचं रजिस्टर वाचण्याचं. कार्यालयातल्या एखाद्या ताईंशी किंवा भाऊंशी आधी मैत्री करा, त्यांच्या वेळेचा मान ठेवा, आणि तीन वर्षांच्या प्रवेश नोंदी मागा. किती मुली आल्या, किती जणींनी परीक्षेचा अर्ज भरला, किती दुसऱ्या वर्षाला आल्या. आणि हे प्रवर्गानुसार, गावानुसार. सगळं एका कागदावर हाताने मांडा. नावं कुठेही लिहू नका. मग ज्या महिन्यात आकडा तुटतो त्या महिन्यावर बोट ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझी समजूत होती की मुली परीक्षेत नापास होऊन जातात. रजिस्टर सांगत होतं की त्या परीक्षेला बसण्याआधीच जातात. म्हणजे दोष अभ्यासाचा नव्हता. फी, कागद, बस आणि तारखा, यांचा होता.

तारखांचं मुद्दाम सांगते, कारण इथे पैसा लागत नाही आणि फरक फार मोठा पडतो. आपल्या दिवाळीला सुट्टी असते. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांत वर्षाचा सगळ्यात मोठा सण होळी. आधीच्या आठवड्यात गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतो. तिकडे अक्कलकुव्याला काठी गावची होळी रात्रभर जागवून पहाटे पेटते. घरात नवस असेल तर कुणी बावा, कुणी बुध्या होतं, म्हणजे होळीचं व्रत धरतं, आणि ते व्रत बऱ्याच दिवसांचं असतं. आणि आपल्या कॉलेजांची अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि हजेरीची शेवटची यादी नेमकी त्याच आठवड्यात. मुलगी घरी जाते, चार दिवस राहते, परत येते तर वीस गुण गेलेले असतात. तिला वाटतं, आता येऊन तरी काय. ताई, मी सांगते, तुमच्या "पहिल्या वर्षानंतर"चा निम्मा उलगडा मार्चच्या वेळापत्रकात सापडला तर नवल वाटून घेऊ नका. तसंच नंदुरबारकडची जी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांच्या पालकांची सही डिसेंबरात मागाल तर ती कुठून मिळणार? ती सप्टेंबरात घेऊन ठेवता येते. आम्ही घेऊन ठेवायला लागलो.

दुसरं, सभेत बोलायची रीत. महाविद्यालय विकास समितीपुढे किंवा प्राचार्यांच्या सभेत "आपल्याकडे भेदभाव आहे" असं वाक्य घेऊन जाऊ नका. वाक्य खरं आहे. पण त्यावर अर्धा तास लोक आपण कसे चांगले आहोत ते सांगतात आणि चहा येतो. एका पानाचा प्रस्ताव न्या, त्यात एकच मागणी : अंतर्गत परीक्षा होळीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात नको. सोबत तुमचा तो आकड्यांचा कागद. सभेआधी दोन सहकाऱ्यांना दाखवून ठेवा, म्हणजे तिथे पहिला होकार तुमचा एकटीचा नसेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, निर्णय इतिवृत्तात आला का ते पाहा. कुणी करायचं, कुठल्या तारखेपर्यंत, ही दोन्ही उत्तरं त्याच वाक्यात हवीत. "विचार करण्यात यावा" असं लिहिलं असेल तर काहीच झालेलं नाही असं समजा आणि पुढच्या सभेत तोच कागद पुन्हा ठेवा. मी एका ठरावासाठी चार सभा बसले होते. चौथ्या वेळी लोक कंटाळून हो म्हणाले. तो होही चालतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वाचून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणातल्या समतेविषयी विनियम काढले. वर्गात जात जाहीर करणं, मुलांना "राखीव गटातले" म्हणून ओळखणं, त्यांच्या कमी गुणांचं कारण जातीत शोधून टोमणे मारणं, हे सगळं त्यात भेदभाव म्हणून लिहिलेलं आहे. समान संधी कक्ष असावा, तक्रारी ऐकायला अधिकारी असावा, हेही आहे. तुमच्याकडे तो अधिकारी कोण, हे तुमच्या वसतिगृहातल्या मुलींना विचारून पाहा. एकीलाही सांगता आलं नाही, तर दुसरा प्रस्ताव तुमच्या हातात आला. शिक्षक-शिक्षकेतर भरतीची बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गासाठी राखीव आहे त्याची नोंदवही, तीही एकदा डोळ्यांखालून घाला. अनुसूचित जमातीचा बिंदू किती वर्षं रिकामा आहे, हे विचारणं हा उद्धटपणा नव्हे. ती नोंदवही तपासण्यासाठीच असते.

आता ते स्टाफरूममधलं वाक्य. त्या क्षणी गप्प बसलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मीही कितीदा बसले आहे. असं वाक्य आलं की काय म्हणायचं ते आधी तोंडात बसलेलं असावं लागतं. मी घरी कळण्याच्या भाकरी थापताना मोठ्याने म्हणून पाहायचे. "सर, कुठल्या मुलीबद्दल बोलताय? नाव सांगा, मी तिच्या नोंदी बघते." बस. आवाज न चढवता. बहुतेकदा नाव नसतंच. आणि मग ती "फुकट"ची गोष्ट. ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल ते बोलतात ती अडीच लाखांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाच्या घरासाठी आहे. ती वेळेवर येत नाही. अर्ज ऑनलाइन, मोबाइलवर ओटीपी, आणि मुलीच्या पाड्यावर रेंज नाही. हे त्यांना नंतर, एकटे असताना, चहाच्या टपरीवर सांगा. चारचौघांत हरलेला माणूस शिकत नाही. एकट्याला सांगितलं की कधी कधी तोच पुढच्या वर्षी प्रवेशाच्या टेबलावर अर्ज भरायला बसतो. माझ्याकडे एक सर असे बसले. निवृत्त होईपर्यंत बसले.

स्वतःच्या हातावरही लक्ष ठेवा. बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन या दोघांनी शिकागो आणि बॉस्टनमध्ये नोकरीच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव सारख्याच दर्जाचा, फक्त नावं काही गोऱ्यांची वाटणारी, काही काळ्यांची. गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. तो अभ्यास २००४ मध्ये छापून आला. त्यानंतर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तसाच प्रयोग भारतात केला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांना पाठवलेल्या सारख्याच पात्रतेच्या अर्जांत दलित आडनावांना आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावांपेक्षा कमी भरली. ते अर्ज चाळणाऱ्यांतल्या किती जणांना वाटलं असेल की आपण भेदभाव करतोय? म्हणून तोंडी परीक्षेचे गुण देताना प्रश्न आधी लिहून ठेवा, सगळ्यांना तेच विचारा, आणि गुण देऊन झाल्यावर पाडवी, वसावे, पावरा, तडवी ही नावं यादीत कुठे पडली आहेत ते पाहा. आवडणार नाही. तरी पाहा.

आणि वसतिगृहात जा. तपासायला म्हणून जाऊ नका, बसायला जा. पहिले दोन-तीन वेळा कुणी बोलणार नाही. तुमच्याकडे वेळ आहे.

माझं पुढे काय झालं, तेही सांगते. त्या मुलीनंतर मी वर्गात जाणं बंद केलं. प्रवेशाच्या दिवशीच, प्रवेश अर्जाबरोबर, शिष्यवृत्तीचा अर्ज प्रत्येकीच्या हातात द्यायचा आणि शेजारच्या टेबलावर भरून घ्यायचा असं ठरवलं. राहिलेल्यांना बंद पाकिटात चिठ्ठी, नाव आणि प्रवेश क्रमांक एवढंच. जास्त कागद लागला, दोन जास्तीची माणसं लागली. पुढच्या वर्षी एकही अर्ज मुदतीबाहेर गेला नाही.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. आमच्या शाखेत डोंगरावरच्या वस्त्यांमधले खातेदार येतात. माझे सहकारी व्यापाऱ्याला "या शेठ" म्हणतात आणि आदिवासी म्हाताऱ्याला "ए, तिकडे थांब." मी काही अधिकारी नाही. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : दादा, खिडकी तुमच्या हातात आहे. मी आयुष्य खिडकीत काढलं, म्हणून सांगते, संस्था बाहेरच्या माणसाला तिथेच भेटते.

उद्यापासून सगळ्यांना "तुम्ही" म्हणा. पहाडातला माणूस तुम्हाला "तू" म्हणेल, कारण त्याच्या बोलीत पुष्कळदा तसंच बोलतात. त्याने तू म्हटलं म्हणून आपण म्हणावं असं नाही. खुर्ची एकच असेल तर ती काउंटरच्या बाहेर ठेवा. अंगठा घेण्याआधी पावतीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, रक्कम दोनदा सांगा. पैसे मोजून त्यांच्यापुढे ठेवताना घाई करू नका. आणि नाव विचारून लिहा. "भिल" का "भिल्ल", "वळवी" का "वलवी", हे तुम्हाला एक अक्षर वाटतं. त्यांच्या नातवाची जात पडताळणी त्या अक्षरावर अडते.

त्यांच्या बोलीतले दहा-पंधरा शब्द त्यांच्याकडूनच शिका. किती, कधी, बसा, उद्या या, पैसे जमा झाले. चुकीचा उच्चार केला तर ते हसतील, हसू द्या. सहकाऱ्यांना उपदेश करू नका. सहा महिने तुमच्याच खिडकीपुढे रांग मोठी होईल, मग शाखाधिकारी स्वतःच कारण विचारतील. तेव्हा सांगा.

प्रश्न : मी पावरा आहे, धडगाव तालुक्यातला. आमच्या हायस्कूलमध्ये आदिवासी शिक्षक मी एकटाच. दर ९ ऑगस्टला आदिवासी दिनाचा कार्यक्रम माझ्याकडे, मुलांचा नाच बसवणं माझ्याकडे, पालकांशी पावरीत बोलणं माझ्याकडे, वसतिगृहात भांडण झालं तरी मलाच हाक. वर "तुमच्या समाजाचं तुम्हालाच कळतं" म्हणतात. नाही म्हटलं तर समाजाशी बेइमानी वाटते. थकलो आहे, ताई.

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून आधी मला राग आला, तुमच्यावर नव्हे. पहिल्या पत्रातल्या ताईंना मी लगाम धरायला सांगितलं. तुमच्या शाळेने सगळे लगाम तुमच्या एकट्याच्या हातात दिले आणि बाकीचे मागे बसून आहेत. तुम्ही थकणारच.

समाजाचं काम आणि शाळेचं काम वेगळं काढा. समाजासाठी तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी कोण बोलणार. पण पालकांशी बोलणं, वसतिगृहातली भांडणं, कार्यक्रम, हे शाळेचं काम आहे. जे शाळेचं काम, ते कामवाटपाच्या तक्त्यात यायला हवं. गेल्या वर्षभरात या कामांना गेलेले तास एका वहीत तारखेनिशी लिहा. मुख्याध्यापकांना लेखी द्या : ही कामं माझ्याकडे ठेवायची असतील तर माझ्या तासिका आठवड्याला इतक्या कमी करा, नाहीतर कामं वाटून द्या. अर्जाची पोच घ्या. भाषेची अडचण खरी आहे, तर तिचाही उपाय शाळेनेच करावा. बाकीच्या शिक्षकांना तुम्ही आठवड्यातून एक तास पावरी शिकवू शकता. तो तासही तक्त्यात मांडून घ्या, फुकट नको.

९ ऑगस्टचा कार्यक्रम यंदा इतिहासाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांकडे सोपवायला सांगा. तुमच्याच सातपुड्यात, अंबापाणीला, ११ एप्रिल १८५८ रोजी खाज्या नाईकांच्या भिल्लांनी इंग्रज फौजेशी लढाई केली. ती शिकवायला शिक्षक पावराच असायला हवा असं कुठे आहे? शहाद्याच्या अंबरसिंग महाराजांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी माणसं उभी केली, ते गणिताच्या सरांनाही वाचता येईल. मुलांना नाचायचं असेल तर त्यांनी नाचावं, पण कुणी पाहुणे आलेत म्हणून नाही.

पहिल्या वर्षी कार्यक्रम फिका होईल. नावं चुकतील, कुणी पावरा आणि भिल्ल यांची गल्लत करेल. तरी मध्ये पडू नका. तुम्ही त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसा, आणि संपल्यावर काय चुकलं ते त्यांनी विचारलं तर सांगा.